कबरीवरचा बाण

ती. काशिनाथकाकांना ऑकलंडजवळच्या अल्बनीहून प्रमोदचा शिरसाष्टांग नमस्कार. आपला गुडघा आता जिना चढू देतो का? काकूंनाही नमस्कार सांगावा. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. (हे वाक्य केवळ रिवाज म्हणून लिहिलं आहे.)

आम्ही फ्रान्सला जाऊन आलो हे कळलंच असेल. तिथे टेकडीवर सें-पॉल-द-व्हाँस नावाचं मध्ययुगीन गाव आहे. तटबंदी, दगडी बोळ, बोळागणिक चित्रांची दुकानं. चित्रकार आणि सिनेमावाले या गावावर जीव टाकतात. आम्ही (कोणी नट दिसेल या आशेने) तासभर हिंडलो आणि शेवटी दफनभूमीत पोचलो. तिथे एका मोठ्या चित्रकाराच्या कबरीवर खडे ठेवलेले होते. त्यातला एक सौ. नीताला हुबेहूब नर्मदेतल्या (शंकराच्या) बाणासारखा दिसला. आमच्या देवघरात बाण नाही हे तिला लग्नापासून सलत होतंच, तिने तो पर्समध्ये टाकला. ऑकलंडच्या विमानतळावर आमचं लोणचं काढून घेतलं, दगड मात्र धुऊन, ‘किआ ओरा’ (हा इथला माओरी नमस्कार) म्हणून परत दिला.

सोमवारी त्याच्यावर यथासांग अभिषेक झाला. मंगळवारी सकाळी ताम्हनात एक करडा खडा होता, बुधवारी आणखी एक. दारं बंद, अलार्म चालू. मी सिद्धीवर डाफरलो, तर पाच वर्षांची पोर शांतपणे म्हणाली, “ही इज जस्ट व्हिजिटिंग, बाबा.” कोण, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. मग नेटवर वाचलं, की ज्यू लोकांत कबरीच्या भेटीला आलेला माणूस आपण येऊन गेल्याची खूण म्हणून तिथे खडा ठेवतो. मी ते नीताला वाचून दाखवलं. नीताने सिद्धीला घेतलं आणि विमान पकडून थेट हॉर्नबीला बहिणीचं घर गाठलं. दगड जागच्या जागी जाईपर्यंत ती परतणार नाही. खडे येतच आहेत. परवाचा उचलला तर कोमट लागला, नुकताच कोणी मुठीतून खाली ठेवावा तसा.

आपला,
प्रमोद

ता. क. आपला चि. यतीन कंपनीच्या कामाने पुढच्या महिन्यात फ्रान्सला चाललाय म्हणे. त्याने बाण तेवढा कबरीवर नेऊन ठेवावा. माझा संसार त्याच्या हातात आहे.

ता. क. २. बाण सुट्टीवर तिकडे निघालेल्या, ऑफिसातल्या अक्षतबरोबर धाडलाय, चॉकलेटच्या डब्यात आहे. काकूंना देवघरात ठेवू देऊ नये.

ता. क. ३. पत्र टाकायचं राहिलं. बाण जाऊन चार दिवस झाले, खडा येत नाही. काका, खरं सांगतो, करमत नाही. इथे चहाला यायचं तरी लोक पंधरा दिवस आधी ठरवतात. सहा वर्षांत या घरी न कळवता आलेला तो एकटाच. यतीनला म्हणावं, बाण ठेवून झाला की तिथला दुसरा एखादा लहानसा खडा माझ्यासाठी घेऊन ये. नीताला कळवू नये.