ढब्बू आपला नाही

दादा,

पालिकेचा माणूस येऊन गेला. परवाना दोन कुत्र्यांचा आणि सोफ्यावर घोरतायत तीन! मी ठोकून दिलं, "ढब्बू आमचा नाही हो, खालच्या डेंटिस्टबाईंचा आहे. आमच्याकडे पाहुणा आलाय." तर हा पठ्ठ्या थेट त्यांना विचारायला खाली! आणि त्या पापणीही न लववता म्हणाल्या, "हो, माझाच." संध्याकाळी तो पुन्हा येणार. तेव्हा ढब्बू त्यांच्याकडे दिसला नाही, तर उचलून नेईल. मी क्लासला चाललेय, म्हणून त्याला तूच पोचव. जिन्यात त्या दिसल्या की स्वतःच्या चपला बघत बसतोस, आज जरा तोंड उघड. मघाशी त्यांनीच हसून विचारलं, "पाहुण्याला सोडायला तुझा दादा येणार ना?"

दाढी कर रे!

चिमी