छोट्या पिस्तुलाची बाजू

९ सप्टेंबर, सोमवार
विधात्याने मनुष्याच्या हाताला पाच बोटं दिली. पिस्तुलाच्या कारखान्याने चारांचीच सोय केली आहे. नवं आखूड, कॉम्पॅक्ट पिस्तूल हातात घेतलं की अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका यांची व्यवस्था लागते. करंगळी मात्र मुठीखाली निराधार लोंबकळते. एवढ्या मोठ्या ओक्लाहोमा राज्यात एका करंगळीला जागा मिळू नये, हे शोचनीय आहे.

तथापि खरेदी उत्तम. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको.

घ्यावं लागलं ते रॉइसमुळे. गावातलं बंदुकांचं दुकान त्याचं आणि चर्चमध्ये कोणी गोळीबार करू नये म्हणून दरवाजांवर उभ्या असणाऱ्या आमच्या पहारा-पथकाचा प्रमुखही तोच. नवा नियम असा की पहारेकऱ्याचं हत्यार शर्टाबाहेर दिसता कामा नये. मागच्या रविवारी एका चिमुरडीचा पडलेला खडू उचलायला मी वाकलो आणि माझ्या जुन्या थोराड पिस्तुलाचं दर्शन सगळ्या मंडळींना घडलं. प्रवचन शांतीवर चालू होतं.

५ ऑक्टोबरला परीक्षा. शर्ट वर, पिस्तूल बाहेर, सात यार्डांवरच्या पाटीवर दोन गोळ्या. सगळं चार सेकंदांत. दहा फेऱ्या, आठ जमायला हव्यात. न जमल्या तर दरवाजा सोडून आत बाकावर बसायचं. उत्तरेच्या दरवाजात मी अकरा वर्षं उभा आहे. बाकावर बसणारा हा वर्लिन गावाने पाहिलेला नाही, पाहणारही नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार
पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढल्याशिवाय पहिली गोळी वर चढत नाही. स्प्रिंग नवी, म्हणून ताठ. पिस्तूल रिकामं करून वीस मिनिटं झुंजलो. अंगठ्याजवळचं कातडं चिमटलं. माझ्या बायकोने, नोरीनने, ओव्हनचे हातमोजे काढले, एका झटक्यात स्लाइड ओढली, पिस्तूल मला परत दिलं आणि मक्याच्या पावाकडे वळली. वर म्हणते, लोणच्याची बरणीही उघडून हवी असेल तर आत्ताच सांग, मग मी बसणार आहे.

बायको शेतावर वाढलेली. लहानपण गाईंची धार काढण्यात गेलं. अशा हाताशी तुलना करण्यात अर्थ नाही.

१५ सप्टेंबर, रविवार
नव्या पिस्तुलासह पहिला पहारा. कोणाला काही दिसलं नाही. फक्त ओपलबाईंनी विचारलं, काय रे, शर्टात कोंबडीचं पिल्लू लपवलंयस का, सारखा चाचपतोयस!

ओपलबाई शहात्तर वर्षांच्या. चर्चमध्ये पियानो वाजवतात. मी आठ वर्षांचा असताना रविवारच्या शाळेत माझा कान त्यांच्याच ताब्यात असे. पियानोच्या बाकावरून सगळं सभागृह दिसतं, म्हणून रॉइसने त्यांनाही पथकात बोलावलंय. परीक्षा देणार आहेत. देवोत बापड्या. उत्साह असावा माणसाला.

१८ सप्टेंबर, बुधवार
करंगळीचा प्रश्न सोडवला. मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या मॅगझिनच्या बुडाला प्लॅस्टिकचा जोड बसवून घेतला. पाचही बोटं सुखी. आता पिस्तूल शर्टाखालून किंचित फुगतं. नोरीनच्या मते किंचित नव्हे, भाजलेल्या बटाट्याएवढं.

रॉइस म्हणाला, म्हणजे लांब आहे म्हणून आखूड घेतलंस आणि आखूड आहे म्हणून लांब केलंस. गिऱ्हाईक असावं तर तुझ्यासारखं.

हसला म्हणून मीही हसलो. मनातून नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार
नेमबाजीच्या रेंजवर सराव. गोळ्या सगळ्या पाटीवर. वेळ ६.१ सेकंद. रॉइसचं घड्याळ जुनं आहे. तो विचारतो, पिस्तूल काढतोयस की अक्कलदाढ?

दोष पिस्तुलाचा नाहीच. पिस्तूल ठेवायच्या कमरेच्या होल्स्टरचं चामडं नवं, ते सोडत नाही. उद्यापासून रोज शंभर वेळा रिकामं पिस्तूल काढण्याचा संकल्प.

२२ सप्टेंबर, रविवार
संकल्प: चौदा वेळा. पाहुणे आले.

२६ सप्टेंबर, गुरुवार, सकाळी ७
होल्स्टर मऊ झालं. तरी ५.८. आता कळलं, दोष शर्टाचा. बटणं घालायलाच आज पाच मिनिटं लागली. असलं कापड माणसाला चपळ कसं होऊ देईल? सैल शर्ट आणायचे.

शिवाय पेन बदलायला हवं. या रोजनिशीतलं अक्षर मुंग्यांसारखं बारीक होत चाललंय. ओळीच्या सुरुवातीला ठीक असतं, शेवटी चष्मा लागतो.

२९ सप्टेंबर, रविवार
नोरीन म्हणाली, टल्सा शहरातल्या डॉक्टरांची वेळ घेऊ का? मी म्हटलं, डॉक्टरांना पिस्तुलातलं काय कळतं? ती म्हणाली, मी पिस्तुलाबद्दल बोलतेय असं तुला कोण म्हणालं? मी म्हटलं, मग विषय संपला. ती भांडी आपटत राहिली. तिचा विषय संपला नसावा.

जेवताना म्हणे बिस्किटं जळल्याचा वास घरभर होता. मला नाही आला. जळलीच नसतील.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
आज एकदा ४.९! प्रगती स्पष्ट आहे. उद्या माणूस ईर्ष्येला पेटला की उरलेला सेकंद आपसूक गळून पडेल. खरेदी योग्य होती, आहे आणि राहील.

५ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी ६
सैल शर्ट. मऊ होल्स्टर. पाच बोटं. तयार.

त्याच दिवशी, दुपारी २
दहापैकी दोन.

नेम एकही चुकला नाही, हे नोंदवतो. वीसच्या वीस गोळ्या पाटीवर. फक्त उशिरा.

रॉइसला तिथल्या तिथे सांगितलं की पिस्तूलच सदोष आहे. चार आठवडे मी या वस्तूची बाजू घेतली. आज मत फिरवतो. मूठ तोकडी, स्प्रिंग अडेल, जात खोटी. विकताना तू बोलला नाहीस, हे मित्राला शोभत नाही. मोठ्याने बोललो. सगळे ऐकत होते.

रॉइस चिडला नाही. माझं पिस्तूल घेतलं आणि ओपलबाईंच्या हातात दिलं. म्हणाला, बाई, तुमची परीक्षा यावरच द्या.

दहापैकी नऊ. तेही माझ्याच मऊ होल्स्टरमधून, स्वेटरखाली करकचून पट्टा आवळून. दहावी हुकली ती शिंक आली म्हणून.

पिस्तूल रिकामं करून, नळी जमिनीकडे धरून त्यांनी परत दिलं. म्हणाल्या, पोरा, छान आहे रे हे, लोण्यासारखं चालतं, मोडीत काढू नकोस. मग माझ्या हाताकडे पाहिलं. आणि पट्टा सोडून माझ्या हवाली केला. या बाईंना टोमणा मारायची संधी सोडताना मी पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं.

रॉइस म्हणाला, वसंत ऋतूत पुन्हा परीक्षा घेऊ, तोवर आत बस, गाणी तरी म्हण. प्रेमाने म्हणाला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

६ ऑक्टोबर, रविवार
बाकावर बसलो. उत्तरेच्या दरवाजात आज दुसरा होता. ठीक उभा होता.

पिस्तुलात खोट नाही. खरेदी चांगली होती. उजवा हात बिघडलाय. काम करताना जड आणि सावकाश चालतो. काही न करता मांडीवर ठेवला की आपोआप थरथरतो. जूनपासून. दरवाजात उभं असताना तो पट्ट्यात खोचून ठेवता येतो, कुणाला दिसत नाही. बाकावर खोचायला जागा नाही.

दुसऱ्या गाण्याला नोरीनने समोर बघतच आपला हात त्यावर ठेवला आणि दाबून धरला. म्हणजे तिला माहीत आहे. केव्हापासून, ते विचारलं नाही.

माझ्या वडिलांचा कंपवातही उजव्या हातापासूनच सुरू झाला होता. शेवटी आई त्यांना भरवायची. मला भीती वाटते.