टेबलावरची मेणबत्ती

वाल्या नुकुलूय, मोल्दोव्हा
बुधवार, ४ नोव्हेंबर १९९८, सकाळचे सात. मक्याची कणसं सोलून आत्ताच बसलो आहे.

ती. दादास,
प्रभूत स. न. वि. वि.

तुझं पत्र आणि फोटो पोचला. घोड्यावर बसलेला तू आईला दाखवला. ती म्हणाली, घोडा बरा दिसतोय, पोरगा वाळलाय. तिथं तुला कोणी मक्याच्या पिठाची मामालिगा करून घालत नाही का, असंही विचारायला सांगितलंय.

आता मुख्य गोष्ट. आईचं दुखणं पोटातलं आहे आणि ते बरं होणारं नाही. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता घरीच ठेवा. आईला मी सांगितलं नाही, पण तिला समजलंय. परवा तिने माझ्याकडे मेणबत्ती मागितली. जाताना हातात पेटती मेणबत्ती हवी, जुन्या, ऑर्थोडॉक्स देवळातल्या लोकांना देतात तशी. आग्रिपिना मावशी खरोखरच देवळातून मेणाची एक घेऊन आली आणि उशीखाली ठेवून गेली. मी ती काढून कपाटात ठेवली आहे. फेकलेली नाही.

मी आईला म्हटलं, तुझा बाप्तिस्मा झालाय, तुला आता वाट दाखवायला मेण कशाला हवं. तेव्हा तिने आजोबांची गोष्ट सांगितली, मला ठाऊक नव्हती. सत्तेचाळीसच्या दुष्काळात आजोबा गेले तेव्हा ती सात वर्षांची होती. घरात चरबीची एक मेणबत्ती होती, ती मुलांनी आधीच खाऊन टाकली होती. आजोबा रिकाम्या हाताने गेले. तिला अजून वाटतं की ते तिकडे अंधारात चाचपडत आहेत.

मी त्रोफिम वडिलांना विचारलं. आपल्या बाप्तिस्मावाल्या मंडळीचे वडील, म्हणजे प्रमुख ते, पण म्हणाले की चार वर्षं बायबल कॉलेज तुझ्या भावाने केलंय, पदवी त्याची आहे, त्यालाच विचार. मी सातवीपर्यंत शिकलो. म्हणून तुला विचारतो. लवकर लिही. काय लिहिशील ते मी करीन.

तुझी माया अशीच राहो, एवढंच मागणं.
तुझा धाकटा,
सावा


नारीनजवळ, किर्गिझस्तान
२७ नोव्हेंबर १९९८

चि. सावा यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. आईला सांग की मी वाळलो नाही, इथल्या हवेत फोटोच तसा येतो. इथे मेंढीचं मांस इतकं खायला घालतात की परत आलो तर आपल्या दारातून आत यायला तुलाच मला ढकलावं लागेल.

काम हळूहळू चाललंय. आमच्या घरच्या उपासनेला सात माणसं येतात. गेल्या आठवड्यात शेजारचे म्हातारे वारले. इथली रीत अशी की मेलेल्या माणसासाठी तेलात रोट्या तळायच्या, म्हणजे त्यांचा वास त्याच्यापर्यंत पोचतो. माझ्याबरोबरचा कोरियन मिशनरी म्हणाला की आपण त्या खायच्या नाहीत. मी त्याला म्हटलं, अरे, रोटी म्हणजे पूजा नव्हे, हे या लोकांचं रडणं आहे, त्यात बसायला शिक. मी बसलो आणि खाल्ली. त्यांची म्हातारी, बूरूल आजी, तेव्हापासून मला मुलगा म्हणते. लोकांचं काय मोडायचं आणि काय मोडायचं नाही, हे कॉलेजात आम्हाला नीट शिकवलं होतं.

आता आईचं. सावा, मेणबत्ती देऊ नकोस. मी तिला स्वतः तळ्यात बाप्तिस्मा दिला, सगळं गाव काठावर उभं होतं. मिशनऱ्याची आई हातात मेणबत्ती धरून गेली, असं झालं तर जुन्या देवळातले लोक वर्षानुवर्षं बोलतील आणि मंडळीतले दुबळे परत जातील. तिचं तारण मेणावर नाही. तिच्याजवळ बस, तेविसावं स्तोत्र वाच, हात धर. तुला हे जड जाईल, मला माहीत आहे. तू लहानपणापासून माझं ऐकत आलास, आताही ऐक.

आईला माझा मुका दे. तुझ्यावर जीव आहे, तो कमी होणार नाही.
तुझा दादा,
इलारिओन


वाल्या नुकुलूय
रविवार, २० डिसेंबर १९९८, दुपार

ती. दादास,
प्रभूत स. न. वि. वि.

आई गुरुवारी गेली. तुझं पत्र बुधवारी मिळालं होतं. ते दोन दिवस उशिरा आलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता रोजच्यासारखी वीज गेली. हल्ली रोजच जाते. मी टेबलावर पेल्यात मेणबत्ती लावली, उजेडासाठी. कपाटातली नाही, दुकानातली साधी. टेबल पलंगाला लागून आहे. त्या उजेडात मी स्तोत्र वाचत होतो. आईने हात लांब केला. मला वाटलं पाणी हवंय, पण तिला पेला हवा होता, मेणबत्तीचा. मी पेला टेबलाच्या पलीकडच्या कडेला सरकवला आणि म्हटलं, भाजेल आई. तिने हात मागे घेतला नाही. तो तसाच टेबलावर राहिला. मी तिचा दुसरा हात धरला आणि पुढे वाचत गेलो, कारण तू तसं लिहिलं होतंस. स्तोत्र संपेपर्यंत ती गेलेली होती. शेवटपर्यंत ती माझ्याकडे नाही, ज्योतीकडे बघत होती.

थोड्या वेळाने मावशी आली. तिने आईचा तो हात पाहिला, मग पेला पाहिला. ती रडली नाही. म्हणाली, "इतकी जवळ होती, सावा?"

दफन मंडळीच्या रीतीने झालं. त्रोफिम वडील छान बोलले. म्हणाले, ही बहीण विश्वासात गेली, काही न मागता गेली. मी खाली बघत उभा होतो.

तुला एक विचारायचं होतं. तू ज्या रोट्या खाल्ल्यास, त्यांचा वास त्या म्हाताऱ्यापर्यंत पोचतो असं तुला वाटतं का? नसेल वाटत, तर मग खाल्ल्यास का? मी भांडत नाही. मला खरंच समजत नाही.

माया असू द्यावी.
सावा


नारीनजवळ
१२ जानेवारी १९९९

चि. सावा,
आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही.

तुझं पत्र घेऊन मी बूरूल आजीकडे गेलो. दुसरं कोणी आईच्या वयाचं इथे नाही. तिने विचारलं तुझी आई कशी गेली, जवळ कोण होतं. मी म्हटलं भाऊ होता. तिने विचारलं, जे मागितलं ते मिळालं का तिला? मी तुझं पत्र घडी करून खिशात ठेवलं. ती उठली, पीठ मळलं आणि तुझ्यामाझ्या आईसाठी रोट्या तळल्या. आईचं नाव विचारून घेतलं आणि कढईपाशी ते मोठ्याने घेतलं. तिला परास्कोविया म्हणता येईना, तरी तीन वेळा म्हणाली. मी खाल्ल्या. आणि रडलो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. वास पोचतो असं मला वाटत नाही. मी खाल्ल्या कारण ती म्हातारी माझ्या समोर होती आणि मला तिच्यावर प्रेम करायचं होतं. इथे मला बघणारं कोणी नाही. तिथलं लिहिताना माझ्या डोळ्यासमोर आई नव्हती, तळ्याच्या काठावरचं गाव होतं. परक्याच्या घरात जे शिक्षण वापरलं ते आपल्या घरात वापरायचं मला सुचलं नाही. चूक माझी आहे, तुझी नाही. तू फक्त ऐकलंस.

हे पत्र मंडळीत वाचू नकोस. लोकांचा गोंधळ होईल.

जमलं तर लोभ ठेव.
इलारिओन


वाल्या नुकुलूय
सोमवार, ८ फेब्रुवारी १९९९, सकाळी. चूल पेटवून बसलो आहे.

ती. दादास,
प्रभूत स. न. वि. वि.

तुझं पत्र मी मंडळीत वाचलं. तुझी सगळी पत्रं उपासनेनंतर वाचायची हा इथला नेम आहे, आणि त्रोफिम वडिलांनी सगळ्यांसमोर विचारलं की भावाचं काही आलं का. मला खोटं बोलता येईना. काल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. वाचू नकोस, ही ओळसुद्धा. मेणबत्तीचं मावशीकडून गावाला आधीच कळलं होतं.

त्रोफिम वडील चष्मा पुसत राहिले, मग म्हणाले की माणूस दूर राहिला की विचार भरकटतात, त्याच्यासाठी प्रार्थना करू. मावशी अर्थातच तिथे नव्हती. ती माझ्याकडचं पाणीसुद्धा घेत नाही. जुन्या देवळाच्या रीतीप्रमाणे चाळिसाव्या दिवशी ती एकटी कबरीवर गेली, मी कुंपणाबाहेर थांबलो. परत जाताना माझ्या अंगावरून गेली, पण थांबली नाही.

प्रार्थनेला सगळे उठले तेव्हा फेवरोनिया म्हातारी बाकावरच बसून राहिली. तुझ्या लहानपणी तुला अक्रोड द्यायची ती. मंडळीत सगळ्यांत जुनी तीच, सोव्हिएत काळात बाप्तिस्मा घेतला म्हणून तिच्या नवऱ्याला तुरुंगात टाकलं होतं. या थंडीत तिची छाती फार भरली आहे. ती मोठ्याने म्हणाली, "मग मला मिळेल का, माझ्या वेळी?" त्रोफिम वडिलांनी चष्मा पुन्हा डोळ्यावर चढवला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण तू इथे नाहीस.

मी म्हटलं, आजी, दादाला लिहून विचारतो.

ती म्हणाली, "पत्राला तीन आठवडे लागतात, पोरा."

तेव्हा मी तिला हो म्हटलं. मावशीने आणलेली मेणबत्ती कपाटातून काढून काल संध्याकाळीच तिच्या घरी देऊन आलो. त्रोफिम वडिलांनी निरोप पाठवलाय की पुढच्या रविवारी मी मागच्या बाकावर बसावं आणि स्तोत्र दुसरं कोणीतरी वाचेल. बसेन.

तुला विचारत नाही, दादा, फक्त कळवतो आहे.

माझ्याकडून लोभ आहे तसाच आहे. तुझाही राहू दे.
तुझा धाकटा,
सावा