पोत्यात धान नाही, तणस हाये

प्रति,
मा. गट विकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती, सडक अर्जुनी, जि. गोंदिया

अर्जदार : ओमेश लीलाधर कापगते, वय २४, धंदा शेती व साउंड सर्व्हिस, रा. मौजा बोरूटोला

विषय : गावच्या सभागृहातील तणसाचे (धानाच्या पेंढ्याचे) उरलेले अडतीस पोते २६ जानेवारीच्या ग्रामसभेपर्यंत जागेवर राहू देणेबाबत.

संदर्भ : ग्रामसेवक साहेबांची नोटीस, दि. ५ जानेवारी ("अनधिकृत धानसाठा तात्काळ हटवा").

महोदय,

अर्जदार हात जोडून कळवते का, हा अर्ज त्यानं स्वतःच मोबाइलवर टाइप केला हाये. सेतूवाल्या चेतनाताईनं बजावलं का सरकारी कागदावर मी-मी करू नये, म्हणून 'अर्जदार' लिहिलं.

१. आमचं सभागृह दोन वर्षांआधी बांधलं. सरपंच चंद्रकुमारभाऊनं हौसेनं भिंतीले खालून वरपर्यंत टाइल्स लावल्या. छत सिमेंटचं. दिसायले झकास हाये, त्याबद्दल तक्रार नाही. पण आत एक टाळी वाजवली का सात ऐकू येते. माणूस माइकवर बोलला का त्याचा पहिला शब्द भिंतीवरून वापस येऊन दुसऱ्याच्या डोक्यावर बसते.

२. सरपंचभाऊ म्हणाले, "ऐकू नाही येत त डब्बा मोठा आणा." चार मोठे स्पीकर आणले, चारही कोपऱ्यांत छताजवळ टांगले. मंग चार कोपऱ्यांतून चार चंद्रकुमारभाऊ एकाच वेळी बोलायले लागले.

३. मागच्या हिवाळ्यात खरेदी केंद्राचा धान ठेवायले जागा नव्हती म्हणून सभागृहात पोत्यांची थप्पी लागली. त्याच हप्त्यात नवीन अॅम्प्लिफायर आला. नारळ फुटला. अन् साहेब, काय आवाज! बचत गटाच्या बाया पोत्यांच्या मधात बसल्या होत्या, शेवटच्या बाईलेही व्याजदर समजला. सगळ्यांनी अॅम्प्लिफायरले हार घातला. मार्चमध्ये ट्रक आला, पोते गेले, अन् आवाज पुन्हा घुमला. सरपंचभाऊनं अॅम्प्लिफायर दुरुस्तीले दोनदा गोंदियाले पाठवला. मेकॅनिक दोन्ही वेळा म्हणाला, "इसमें कुछ खराबी नहीं है."

पोत्याले हार घालायचं कोणाच्याच ध्यानात आलं नाही. अर्जदाराच्याही नाही, हे कबूल हाये.

४. मंग १५ ऑगस्टची ग्रामसभा झाली. विषय तलावाचा गाळ काढायचा. कवडूबाबा उठले. त्यांनी चाळीस वर्षं गावाले तलावाचं पाणी वाटलं. वय ब्याऐंशी, आवाज लहान. ते सांगून रायले होते का उत्तरेच्या पाळीजवळ, बांधापाशी, मशीन लावू नका, तिथं मातीखाली जुनं तुडूम हाये, म्हणजे पाणी सोडायचं दगडी तोंड. ते फुटलं त तलाव पौषातच रिकामा. अर्जदार त्यांच्या पायाशी बसला होता म्हणून त्याले ऐकू आलं. बाकी सभेले नुसतं हूं-हूं. बाबा खाली बसले, भाषण संपलं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या, एकाच्या सात झाल्या, अन् रजिस्टरमध्ये लिहिलं का "श्री. कवडू यांनी ठरावास जोरदार पाठिंबा दिला."

त्या दिवशी बाबा घरी जाताना अर्जदाराले म्हणाले, "मी काऊन उठलो रे बापा."

५. म्हणून अर्जदार आवाजाचं काम शिकला. व्हिडिओ पाहून, अन् बाकी टाळ्या वाजवून. तीन दिवस रिकाम्या सभागृहात टाळी वाजवायची अन् कोणत्या भिंतीवरून वापस येते ते पाहायचं. पंचायत सदस्य धुरपताबाईनं खिडकीतून पाहिलं अन् अर्जदाराच्या आईले सांगितलं, "पोराचं लग्न लावून दे वो, भिंतीसंग बोलून रायला." असो. दिवाळीनंतर मळणीत धान चुरला तसं अर्जदारानं घरचं तणस चाळीस पोत्यांत भरलं, कोपऱ्यांत अन् मागच्या भिंतीले रचलं. चारपैकी दोन स्पीकर काढले, दोन खाली माणसाच्या कानापर्यंत आणून लोकांकडे वळवले, आवाज अर्धा केला. सरपंचभाऊ म्हणाले, "चार घेतले त दोनच कायले लावले बे?" डिसेंबरच्या बैठकीत कवडूबाबाले फक्त नाव सांगायले लावलं. दरवाज्यातल्या माणसानंही ऐकू आलं म्हणून मान हलवली.

६. पण ग्रामसेवक साहेबांनी पोते दरवाज्यातूनच मोजले अन् "धान, ४० पोते" अशी नोंद केली. आता सातबारा अन् खरेदीची पावती मागून रायले. तणसाची पावती कोण देते, साहेब? पंचनाम्यासाठी दोन पोते बाहेर ठेवायले सांगितले. ठेवले. पंच चहा पिऊन येईपर्यंत उमरावकाकाच्या म्हशीनं पुरावा खाल्ला. अर्जदार म्हणाला, पाहा, तणस होतं म्हणून खाल्लं. ग्रामसेवक साहेब म्हणाले, "म्हैस धानही खाते." हे खरं हाये, अर्जदार नाकारत नाही. आता दोन पोते धान कमी भरले म्हणून खुलासा मागितला हाये. म्हशीचं नाव त्यात नाही.

७. २६ जानेवारीले मशीन कुठं लावायची हे पक्कं होईल. तोपर्यंत पोते उचलले त बाबा पुन्हा उठतील का, हे अर्जदाराले सांगता येत नाही. गावात मोठ्या आवाजाचे माणसं लय हायेत. तुडूम कुठं हाये हे माहीत असणारा एकच हाये, अन् त्याचा आवाज लहान हाये.

सबब विनंती का साहेबांनी एक दिवस स्वतः यावं, सगळ्यात मागं दरवाज्याजवळ उभं राहावं. कवडूबाबा एक वाक्य बोलतील. नाही समजलं त अडतीसही पोते अर्जदार त्याच दिवशी उमरावकाकाच्या गोठ्यात नेऊन टाकेल. समजलं त ते वाक्य तेवढं रजिस्टरमध्ये लिहून घ्यावं, जसं बोलले तसं.

आपल्या येण्याची वाट पाहणारा,
ओमेश लीलाधर कापगते
मौजा बोरूटोला, दि. १२ जानेवारी

सोबत :
(१) नोटिशीची झेरॉक्स.
(२) म्हशीचा फोटो, पोत्यासह.
(३) तणस, एक मूठ, पुडीत. साहेबांनी उघडून पाहावं. पुडी टेबलावरच ठेवावी, बाहेर ठेवू नये.