पाटीवरचं ‘घरगुती’

आई, आपल्या पाटीवरचा एक शब्द मी खोडून टाकलाय. तू असतीस तर दोन दिवस माझ्याशी बोलली नसतीस. तुला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण नागलीचे पापड अजून सिडकोतल्या त्याच घरात होतात, तुझ्याच पद्धतीनं, तेव्हा तुला सांगायलाच हवं.

झालं असं, की गंगापूर रोडवरच्या एका दुकानाला आपले पापड बारा महिने हवे होते. पावसाळ्यात गच्ची बंद म्हणजे आपलं काम बंद, आणि तुझ्या हाताखाली तयार झालेल्या पेठच्या मावशी घरी बसणार. यंदा त्या तोंडावर म्हणाल्या, “पावसाळ्यात काम नाय दिलं तर मी कंपनीत झाडायला जाईन. मंग परत येनार नाय.” वाळवायचं यंत्र घ्यायचं तर कर्ज हवं, आणि कर्ज झेपायचं तर सरकारी अनुदान. म्हणून अर्ज केला. साहेब घर बघायला आले. पाटीवर ‘घरगुती नागली पापड’, पाकिटावर ‘अस्सल घरगुती’, विजेचं मीटरही घरगुती. मी आपली कौतुकानं सगळं दाखवतेय. साहेब हसले. म्हणाले, “ताई, सगळंच घरगुती, मग उद्योग कुठाय? घर चालवायला अनुदान नसतं.” अर्ज परत आला. साहेबांचा राग आलाच, पण खरं सांगू, तुझाही आला.

कारण मला तो जुना दिवस आठवला. मी शाळेतून आलेय. तू उकड मळता मळता एक गरम गोळा तेल लावून माझ्या हातावर ठेवतेस. बाबांच्या कंपनीतले पाहुणे बसलेत आणि मी फुशारकीनं सांगते, “आमच्या आईचा पापडांचा धंदा आहे.” तू पदराला हात पुसत घाईघाईनं म्हणतेस, “छे हो, घरगुतीच आपलं. तेवढाच वेळ जातो.” पाहुणे गेल्यावर मला चांगलं झापलंस. “धंदा काय म्हणतेस? ह्यांच्या पगारात भागत नाही असं वाटेल लोकांना.” भागत नव्हतंच, आई. माझं कॉलेज पापडांवर झालं, हे बाबांनाही माहीत होतं. उन्हात पाठ भाजून घेऊन तू जे करायचीस त्याला वेळ घालवणं म्हणायचं, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग मी हट्टालाच पेटले. मीटर बदलून घ्यायला वीज कंपनीत इतक्या खेपा घातल्या, की तिथल्या बाई मला बघून आपणहून खुर्ची पुढे करायला लागल्या. परवाना काढला. पाटी नव्यानं रंगवली, ‘नागली पापड उद्योग’. पुन्हा अर्ज केला. साहेब पुन्हा आले आणि त्यांनी विचारलं, “अनुभव काय?” मी म्हणाले, “हा उद्योग माझ्या आईचा. मी पुढे चालवतेय.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “आईंचा उद्योग होता?” “होता. तिनं कुणाला कळू दिलं नाही, एवढंच.” आतून मावशी ओरडल्या, “मला तिनंच शिकवलं, सायेब!” आणि साहेबांनी ते लिहून घेतलं.

अनुदान मंजूर झालं. आत्ता बाहेर पाऊस आहे, यंत्र घरघरतंय आणि मावशी ट्रे भरतायत. कंपनीत झाडायला जायचं नाव काढत नाहीत.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून लिहायला धीर होतोय. काल एक बाई छत्री मिटत दारात आल्या. नवी पाटी नीट वाचली आणि तरी विचारलं, “घरगुतीच आहेत ना?” माझ्या तोंडून पटकन गेलं, “हो हो, घरगुतीच आपलं.” अगदी तुझ्या आवाजात, पदराला हात पुसत.