दुसऱ्या बाजूची अकरा मिनिटं

प्रिय ठमे,

तुझी आई म्हणते, तीस वर्षांत मी तिला एक चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही आणि आज लेकीला पत्र लिहायला बसलोय. तिचा गुडघा अजून कुरकुरतोय, बाकी इकडे ठीक. पण गेल्या महिन्यात आमच्या कारखान्यात जे घडलं, ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझं काम तुला माहीतच आहे. साच्यातून निघालेल्या दर पन्नासाव्या रेकॉर्डवर सुई ठेवायची, कानाला हेडफोन, हातात स्टॉपवॉच, आणि खरखर, उडी, अडकणं, काहीही ऐकू आलं की मशीन थांबवायचं. सव्वीस वर्षं मी गाणी ऐकलेलीच नाहीत, गाण्यांतल्या चुका ऐकल्यात. तर आईच्या त्या लाडक्या गायिका, ज्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात, त्यांची नवी रेकॉर्ड आमच्याकडे आली. पहिली बाजू नेहमीसारखी, धुतलेल्या काचेसारखा स्वच्छ आवाज. मी ती उलटली. दुसऱ्या बाजूला ना वाद्य, ना सूर. कुणीतरी श्वास घेतला आणि एकच अक्षर वाजायला लागलं. तेच, पुन्हा तेच, पुन्हा तेच. सुई एका खाचेत अडकली की हुबेहूब असंच होतं. मी लाल बटण दाबलं आणि अख्खी लाइन बंद पाडली.

फोरमन तणतणत आला. साचा पुसला, नवी रेकॉर्ड काढली, तरी तेच. शेवटी मी स्टुडिओत फोन लावला आणि तिथल्या ध्वनिमुद्रकाला ठणकावून सांगितलं की तुमची मूळ प्रतच सदोष आहे. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “दोष नाही तो. बाई तशाच बोलतात.”

ठमे, मी फोन ठेवला. चाळीस वर्षं या बाईंना कुणी बोलताना ऐकलं नव्हतं. मुलाखत नाही, कार्यक्रमात चार शब्द नाहीत. गायच्या, मान लववायच्या आणि आत निघून जायच्या. लोक म्हणायचे, भारी शिष्ट आहे. मी पुन्हा सुई ठेवली आणि फोरमनच्या सांगण्यावरून या वेळी आवाज मोठ्या स्पीकरवर सोडला. बाई स्वतःचं नाव सांगत होत्या. सवयीनं मी स्टॉपवॉच चालू केलं होतं. पहिल्या अक्षरातून बाहेर पडायला त्यांना एकोणीस सेकंद लागले. मग त्यांनी शाळेतली गोष्ट सांगितली. हजेरीला त्यांना ‘हजर’ म्हणता यायचं नाही, म्हणून मास्तर गैरहजेरी लावायचे. एक दिवस त्यांनी तो शब्द गाऊन टाकला. वर्ग फिदीफिदी हसला, पण मास्तरांनी हजेरी लावली. “तेव्हापासून मी गातेच आहे,” असं त्या म्हणाल्या, आणि एवढं म्हणायला त्यांना जवळजवळ एक मिनिट लागलं. घसा बंद झालेला ऐकू यायचा, श्वास घेतलेला ऐकू यायचा, पण घाई कुठेच नव्हती. त्या थांबायच्या, आणि शब्द आपल्या पायांनी चालत यायचा. आमच्याकडची पॅकिंगवाली खोकं उचलून निघाली होती, ती अकरा मिनिटं ते खोकं छातीशी धरून जागच्या जागी उभी होती. रेकॉर्ड संपली तरी मशीन चालू करायचं कुणाला सुचेना. एवढ्या वर्षांत आमच्या त्या शेडमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

बाजारात मात्र रणकंदन माजलं. लोक रेकॉर्ड परत करायला रांगा लावू लागले, तेव्हा आमच्या फाटकासमोरच्या दुकानदारानं पाटीच लावली: ‘दुसरी बाजू तशीच आहे. सुई बदलू नये.’ न्हावी म्हणाला, बाईंचं डोकं फिरलंय. त्याच्याच खुर्चीत साबण लावून बसलेला बस कंडक्टर म्हणाला, मी ती सहा वेळा ऐकली आणि सहाव्या वेळेला माझ्या लक्षात आलं, की आता मी शब्द संपायची वाट बघत नाही. तुझ्या आईनं दोन मिनिटं ऐकलं, उठली आणि भांडी आपटत बसली. माझ्या बाईंनी स्वतःला असं उघड्यावर आणायला नको होतं, म्हणाली. ती अजून पहिलीच बाजू लावते.

त्यांच्या चाहत्यांच्या मंडळानं रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये सभा घेतली. आईनं मलाही ओढून नेलं. अध्यक्ष, म्हणजे ते निवृत्त मुख्याध्यापक, गहिवरून म्हणाले, “ज्या आवाजानं आम्हाला सावरलं, त्याचे हे हाल आम्हाला का ऐकवता?” अर्ध्या हॉलनं टाळ्या वाजवल्या, अर्धा घुम्म बसून राहिला. मग मागून एक शिलाईकाम करणारी बाई उठली. तिला एकच वाक्य बोलायचं होतं. “ते ऐकताना मला ला... ला...” आणि ती अडकली. चौघं-पाचजण एकदम म्हणाले, “लाज वाटली.” सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. तिनं नकारार्थी मान हलवली, आमच्याकडे शांतपणे पाहिलं आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी कुणी हूं की चूं केलं नाही. तिचा शब्द ‘लाड’ होता. “ते ऐकताना मला लाड झाल्यासारखं वाटलं, माझ्या अडखळण्याचे.”

घरी येताना मला तुझ्या चपला आठवल्या. ठमे, तू सात वर्षांची असताना आपण चपलांच्या दुकानात गेलो होतो. दुकानदारानं रंग विचारला, तू ‘प’वर अडकलीस आणि मी म्हणालो, पांढऱ्या. तू वर्षभर त्या पांढऱ्या चपला घातल्यास. तुला पिवळ्या हव्या होत्या का गं? शाळेत, डॉक्टरांकडे, पाहुण्यांसमोर, तुझी वाक्यं मीच पुरी केली आणि त्याला माया समजलो. आणि गेल्या महिन्यात तू लिहिलंस, की प्रयोगशाळेत नव्यानं आलेल्यांना शिकवायची जागा तुला देऊ केलीय, घेऊ का? मी दोन ओळींत उत्तर पाठवलं: नको, कशाला जिवाला घोर. ते उत्तर फाडून टाक, हे सांगायलाच आज लिहायला बसलो. ती जागा घ्यायची की नाही, ते तुझं तू ठरव. मला खरंच माहीत नाही तुला काय हवंय, कारण मी कधी शेवटपर्यंत ऐकलंच नाही. तू घर सोडल्यापासून पत्रंच का पाठवतेस, एकदाही फोन का करत नाहीस, हे मी तुला कधी विचारलं नाही. या पत्राला उत्तर लिहू नकोस, पोरी. फोन कर.

तुझाच,
बाबा