फोनवरचा माझा दुसरा आवाज

३ फेब्रुवारी
हेल्पलाइनवर आज परत एकीने माझ्यावर फोन आपटला! बिचारी रडत होती, नवरा गेला म्हणून. मी इतकंच म्हटलं, "अरेरे, किती भयंकर हो!" — आईने लहानपणापासून घोटून घेतलेल्या त्या ताठ, खानदानी सुरात. "थट्टा करता काय बाईसाहेब?" म्हणाली आणि ठेवलाच.

थट्टा! मला इथे रडू फुटत होतं, आणि आवाजाला त्याचा पत्ताच नाही. आमच्या घरात तो तसाच घडवतात.

८ फेब्रुवारी
नॉरीनने आज बाजूला घेतलं. दुःखी, एकट्या माणसांसाठीची ही हेल्पलाइन तीच चालवते. जन्म इथलाच, हॅलिफॅक्सच्या गिरणीमागच्या गल्लीतला. "पोरी, मन चांगलंय गं तुझं. पण तू तोंड उघडलंस की लोकांना वाटतं, घरमालकीण भाडं मागायला आली. असंच चाललं तर फोन सोड, चहाचं बघ."

लाज वाटली. रागही आला. आवाज म्हणजे काय टोपी आहे, काढून ठेवायला?

१० फेब्रुवारी
आहे! टोपीच आहे! आज हुबेहूब नॉरीनसारखी बोलले — शब्द गिळत, सूर पसरून, "बाळा, राजा" करत. एक म्हातारा किती वेळ बोलत राहिला! ठेवताना म्हणाला, "तुम्ही आपल्यातल्या वाटता."

बसमध्ये मात्र स्वतःचीच किळस आली. फसवलंच ना मी त्याला?

१६ फेब्रुवारी, रविवार
जेवायला धाकट्या भावाकडे, लायनेलकडे. बायको सोडून गेल्यापासून एवढ्या मोठ्या घरात एकटाच. "कसा आहेस?" "मजेत. तू?" "मजेत." मग कुत्र्यांविषयी बोललो. हेल्पलाइनचं काही सांगितलं नाही. हसला असता.

२० फेब्रुवारी
आता रोज तिच्याच सुरात फोन घेते. नॉरीन खूश. मी नाही.

२५ फेब्रुवारी
दुपारी फोन उचलला. "माफ करा हं, उगाच तुमचा वेळ घेतोय." लायनेल!

मला ओळखलं नाही त्याने. म्हणाला, जगावंसं वाटत नाही. घरचं कुणी नाही का, मी विचारलं. "बहीण आहे. पण आमच्यात असलं बोलत नाहीत. तुमच्याशी बोलता येतंय."

अगदी ओठांवर आलं होतं — अरे, मीच आहे! पण माझा खरा आवाज ऐकला असता, तर लगेच सावरून "मजेत" म्हणाला असता आणि फोन ठेवला असता. म्हणून नॉरीनच्याच सुरात म्हटलं, "बोल राजा. मी कुठे जात नाही."